हजेरीतले टिंब

शिकणाऱ्या मुलाला सगळे जग विद्यार्थी म्हणते, पण शाळेला हा एक शब्द पुरत नाही. एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवल्यामुळे ते सारे शब्द मला क्रमाने पाठ आहेत, आणि गोष्टी क्रमानेच सांगायची सवयही आहे. शाळेत यायचे वय झाले पण अजून नाव घातलेले नाही, ते मूल दाखलपात्र. जूनच्या पहिल्या दिवशी हातात फूल देऊन ज्याला वर्गात आणतात, ते नवागत. माझ्या आईच्या लहानपणी पहिलीच्या आधी बिगरी असे, माझ्या नोकरीत तिचा बालवर्ग झाला आणि माझ्या नातीच्या ओळखपत्रावर सीनियर केजी असे छापलेले आहे. नाव नोंदले की मूल पटावर येते. रोज आले तर नियमित, मधूनमधून बुडाले तर अनियमित, महिनाभर दिसलेच नाही तर सतत गैरहजर. दाखला घेऊन गेले की माजी. आणि जे मूल कुठल्याच शाळेच्या पटावर नाही, ते शाळाबाह्य.

हा शेवटचा शब्द मी गेली कित्येक वर्षे तोंडाने उच्चारलेला नाही. त्याचे कारण लिहून ठेवावे, म्हणून हे लिहीत आहे.

आमची शाळा ठाण्यात बाळकुमच्या बाजूला होती. पहिली ते सातवी, प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी. आजूबाजूच्या भातखाचरांवर तेव्हा इमारती उभ्या राहत होत्या. ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या घरांतली मुले पिवळ्या बसने इंग्रजी शाळेत जाऊ लागली होती. आमच्याकडे उरली ती चाळीतली मुले, आणि ज्यांच्या आया नव्या इमारतींत धुण्याभांड्यांना जात ती. माझ्या वर्गाच्या खिडकीतून अशीच एक उंच इमारत दिसे. तिच्या बाल्कन्यांना तेव्हा नुकत्याच जाळ्या बसत होत्या.

हजेरीची माझी पद्धत आधी सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यातून घडले. हजेरीपत्रकात आधी मुलगे, मग मुली, आणि मुलींची नावे तांबड्या शाईने. प्रार्थना आणि प्रतिज्ञा झाली की मी क्रमांक घ्यायचे आणि मुले "हजर, बाई" म्हणायची. ज्याचे उत्तर येत नसे, त्याच्या चौकटीत मी पेन्सिलीने एक टिंब द्यायचे. टिंबाचा अर्थ, अजून काही ठरलेले नाही. मूल मधल्या सुट्टीपर्यंत आले तर टिंबावरून हजेरीची रेघ ओढायची, न आले तर शाईने "गै" लिहायचे. लांबून चालत येणाऱ्या आणि धाकट्या भावंडाला आधी कुणाकडे तरी सोडून येणाऱ्या मुलांसाठी मी ही सोय ठेवली होती. चांगल्या हेतूने ठेवलेली सोय होती, याविषयी मला आजही शंका नाही.

पाचवीच्या वर्गात सदतीस क्रमांकाची एक मुलगी होती. शाळेमागच्या चाळीत राहायची. अंगाने बारीक होती आणि अक्षर गोल काढायची. दोन वेण्यांना दोन वेगळ्या रंगांच्या रिबिनी असत. मी "सद" म्हणेपर्यंत तिचे "हजर, बाई" आलेले असे. "आधी नंबर पुरा होऊ दे गं," असे मी तिला पुष्कळदा म्हटले असेन. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी तसेच करायची.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती आली नाही. पहिल्या दिवशी मी टिंब दिले, दुसऱ्या दिवशीही दिले. मधली सुट्टी उलटली तरी शाईने "गै" लिहिले नाही, आणि आठवडाभर तिच्या ओळीत नुसती टिंबे उभी राहिली. एरवी मूल दोन दिवस आले नाही की मी संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन येत असे. त्या आठवड्यात गेले नाही. मुख्याध्यापकांनी आम्हाला बोलावून सांगितले होते की लवकरच पटपडताळणी होणार आहे. म्हणजे बाहेरचे अधिकारी येतात, वर्गावर्गांतून मुले प्रत्यक्ष मोजतात, आणि त्या आकड्यावरून शाळेत किती शिक्षक राहायचे ते ठरते. आमचा पट अगदी काठावर होता. एक मूल कमी भरले असते तर एक शिक्षक अतिरिक्त ठरला असता आणि जिल्ह्यात कुठे जागा निघेल तिकडे गेला असता. अतिरिक्त कोण ठरणार, हे सेवाज्येष्ठतेवरून ठरते. माझ्यानंतर आमच्याकडे भरतीच झाली नव्हती, त्यामुळे यादीत शेवटचे नाव माझे होते. माझा मुलगा त्या वर्षी दहावीला होता.

मुख्याध्यापक माझ्याजवळचे हजेरीपत्रक चाळत म्हणाले, "बाई, टिंबं आहेत तोवर टिंबंच राहू द्या. पडताळणी होऊ दे, मग बघू." याहून जास्त ते काही बोलले नाहीत, आणि जे केले ते मी केले. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून मी त्या टिंबांवरून एकेक रेघ ओढली. रेघा सरळ आल्या.

पडताळणीच्या दिवशी तिसरीची मोजणी आधी झाली. ती होताच तिसरीतल्या एका उंच मुलीला मागच्या व्हरांड्यातून माझ्या वर्गात आणून रिकाम्या जागेवर बसवण्यात आले. मी तिला सांगून ठेवले होते, सदतीस म्हटले की उत्तर दे. तिने ते स्पष्ट आवाजात दिले. अधिकारी पुढच्या वर्गात गेल्यावर मी तिला एक हिरवा खडू दिला आणि परत पाठवले. माझ्या वर्गातली चाळीस मुले हे सर्व बघत होती. कुणी काही विचारले नाही. पाचवीतली मुले पुष्कळ गोष्टी विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी हजेरी घेतली. छत्तीस झाल्यावर मी सदतीस वगळायला हवे होते. जिभेच्या सवयीने ते बाहेर पडले. आणि उत्तर आले, "हजर, बाई."

मी मान वर केली नाही. रेघ ओढली आणि अडतीस म्हटले.

मुलांना एवढेच समजले होते की या क्रमांकाला उत्तर द्यायचे असते. ते कोण देत होते, हे मला कधीच कळले नाही, कारण मी ते कधीच पाहिले नाही. कधी तो आवाज मुलीचा वाटे, कधी मुलग्याचा, कधी मागच्या बाकावरून आल्यासारखा, कधी अगदी टेबलाजवळून. पट वर्षभर टिकवायचा होता, म्हणून मी सदतीस म्हणत राहिले आणि उत्तर येत राहिले. आमच्याकडे वर्ग शिक्षकाबरोबर वर चढत असे, आणि मुलाला त्या इयत्तांत नापास करायचे नाही असा नियम होता. ती सहावीत गेली, सातवीत गेली. मी तिच्या प्रगतिपुस्तकात तीन वर्षे "अक्षर सुंदर" असे लिहिले. पाचवीच्या पहिल्या सहामाहीपुरते ते खरे होते.

ती सहावीत होती, म्हणजे कागदावर होती, त्या वर्षी शाळाबाह्य मुलांचा शोध घेण्याचे काम आम्हा शिक्षकांवर आले. घरोघरी जायचे, शाळेच्या वयाचे पण पटावर नसलेले मूल सापडले तर त्याचे नाव लिहायचे आणि त्याला शाळेत आणायचे. मला शाळेमागची चाळ मिळाली. तिची खोली डाव्या हाताची शेवटून दुसरी होती. तिच्या आईने दार उघडले, मला पाहून पदर सारखा केला आणि पाणी दिले. मुलगी घरात नव्हती. कुठे आहे असे मी विचारले नाही. कामावर आहे, हे आईने न विचारता सांगितले, आणि सांगून झाल्यावर ती माझ्या हातातल्या तक्त्याकडे बघत उभी राहिली. तिला वाटत असावे की मी काहीतरी लिहीन.

काय लिहिणार होते मी? जी मुलगी माझ्याच हजेरीत रोज हजर होती, तिला मी शाळाबाह्य कशी लिहिणार? तक्त्यात त्या खोलीसमोर मी "निरंक" असे लिहिले. कचेरीच्या भाषेत त्याचा अर्थ, इथे असे कुणी नाही. पाणी अर्धे राहिले होते. ते संपवून मी पुढच्या दाराशी गेले.

सातवीच्या शेवटी इतरांबरोबर तिचाही दाखला तयार केला. तो न्यायला कुणी आले नाही. पुढे पट घटत घटत शाळाच बंद झाली आणि टेंभी नाक्याजवळच्या, आमच्याच संस्थेच्या मोठ्या शाळेत सामावली गेली. हजेरीपत्रके, रजिस्टरे सगळी तिकडच्या कपाटांत गेली. मीही तिथेच निवृत्त झाले. आता डोंबिवलीत, कोपरला राहते. दुपारी नात झोपली की घर शांत होते, आणि त्या शांततेत मी काही मोजायला लागले, धुतलेले कपडे असोत की निवडलेल्या शेंगा, तर छत्तिसावर थांबते. पुढचा आकडा मी मोठ्याने म्हणत नाही. उत्तर येणार नाही, हे मला माहीत असते. तरी म्हणत नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये अशाच एका दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक बाई उभी होती. खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम.

"बाई, सदतीस नंबर," ती म्हणाली. "ओळखलंत?"

मी तिला आत घेतले. पाणी दिले. तिने तिची हकीकत सांगितली, तीही क्रमाने. नवऱ्याची रिक्षा आहे, कोपरमध्येच भाड्याची खोली आहे, मुलगी यंदाच पहिलीत गेली. ती स्वतः जवळच्या एका नर्सरीत कामाला आहे. मुले तिला मावशी म्हणतात. टीचर आली नाही की वर्ग तीच सांभाळते, गाणी घेते, हात धरून अक्षरे गिरवून घेते. नर्सरीच्या मॅडमनी सांगितले होते, आधी दहावी कर, मग तुला टीचर करायचे बघू. दहावीला बाहेरून बसता येते. फक्त निदान पाचवी उत्तीर्ण असल्याचा कागद लागतो. तो आणायला ती टेंभी नाक्याच्या शाळेत गेली. तिथल्या कारकुनाने जुने रजिस्टर काढून दाखल्याची नक्कल करून दिली, आणि वर्गशिक्षिका कुठे राहतात तेही सांगितले.

तिने पिशवीतून दाखला काढून माझ्यापुढे ठेवला. इयत्ता सातवी उत्तीर्ण. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण, येथील शिक्षण पूर्ण.

"बाई, एक विचारू? मी पाचवीच्या दिवाळीनंतर आलेच नव्हते ना?" ती म्हणाली. "का आलेले? आई म्हणते, कागदावर सातवी आहे म्हणजे गेलीच असशील, तुझ्या लक्षात नसेल. दोन दिवस तेच आठवत बसलेय. सहावीचं एक पण पुस्तक डोळ्यांपुढे येत नाही. असं कसं होईल?"

आलेली होतीस, एवढे म्हणणे पुरेसे होते. ती आपल्या आठवणीला दोष देऊन, कागद घेऊन गेली असती, आणि तिचे काम झाले असते. तिची अडीच वर्षे मी एकदा घेतली होती. आता तिच्या आठवणीवरचा तिचा भरवसाही घेणे तेवढे बाकी होते.

"नाही आलीस," मी म्हणाले. "मी हजर मांडलं."

मग मी तिला सगळे सांगितले. टिंबे, रेघा, पडताळणी, अतिरिक्त होण्याची भीती. ती हात मांडीवर ठेवून ऐकत होती. मला वाटले ती आधी रागावेल. तिने विचारले ते वेगळेच.

"माझ्या जागेवर कोण बसलेली?"

"तिसरीतली एक उंच मुलगी."

"तिला काय दिलंत?"

"हिरवा खडू."

"मला कधी नाही दिलात," ती म्हणाली आणि हसली. ते हसणे फार टिकले नाही.

ती त्या काळात कुठे होती ते तिने मग सांगितले. वर्गाच्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारतीतच. आठव्या मजल्यावर, एका घरी, तान्ह्या बाळाला सांभाळायला. बाळाची आई कामावर जायची. बाल्कनीच्या जाळीतून शाळेचे मैदान दिसे. घंटा ऐकू येई, प्रार्थनेचा सूर येई, शब्द नीट लागत नसत. प्रार्थना थांबली की आता हजेरी चालू असेल, हे तिला कळायचे. मग ती बाळाला कडेवर घेऊन जाळीशी उभी राहायची आणि मनात एकपासून मोजायला लागायची. "आपला नंबर आला की मोठ्याने म्हणायचे, हजर बाई. बाळ खिदळायचं. रोजचा खेळच झालेला आमचा."

आठवा मजला, रस्ता आणि मैदान एवढे ओलांडून कुणाचा आवाज वर्गात येत नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध लावू नये, एवढे मला समजते. त्या दुपारपासून मी तो लावत नाही, आणि तो आपोआप लागत राहतो.

"मला वाटायचं, बाई येतील," ती म्हणाली. "शेजारची पोरगी दोन दिवस नाही आली तरी तुम्ही यायच्या. मी आईला सांगून ठेवलेलं, बाई आल्या की मला हाक मार, मी धावत येते."

"मी आले होते," मी म्हणाले, आणि त्या तक्त्याची गोष्टही सांगितली. निरंक या शब्दाचा अर्थ मला तिला समजावून सांगावा लागला. आयुष्यभर मी शब्दांचे अर्थ सांगितले. इतका जड अर्थ दुसरा कुठला सांगितल्याचे आठवत नाही.

मग मी म्हणाले की संस्थेला खरे काय ते लेखी कळवायची माझी तयारी आहे.

"म्हणजे मग मी पाचवी पण पास नाही ना?"

"नाही."

"मग फॉर्म?"

"नाही भरता येणार."

तिने दाखला घडीवर घडी घालून पिशवीत ठेवला. "मग नका लिहू. ह्या कागदाने माझी शाळा गेली, आता एक फॉर्म तरी भरू दे त्याला." उठता उठता ती थांबली. "पण बाई, आपल्यात खरं सांगा. मी आता कितवीत?"

माझ्याकडे तिच्यासाठी पुष्कळ शब्द होते. बोर्डाच्या लेखी ती बाहेरून बसणारी परीक्षार्थी, संस्थेच्या लेखी माजी विद्यार्थिनी, नर्सरीत मावशी, मुलीच्या शाळेत पालक. पण ती विचारत होती त्याचे उत्तर एकच होते.

"पाचवी," मी म्हणाले. "दिवाळीनंतरची."

"मग तिथनं चालू करा."

असे आम्ही सुरू केले. सोमवारी आणि गुरुवारी, नर्सरी सुटल्यावर ती येते. पाचवीच्या दुसऱ्या सहामाहीचा गणितातला पहिला धडा अपूर्णांकांच्या बेरजेचा होता. तो घेतला, मग दशांश, मग सहावीचा भूगोल, सातवीचा इतिहास. जे जे मी शिकवून झाले म्हणून टाचणवहीत लिहिले होते, ते ते आता शिकवत आहे. फॉर्म भरून झाला आहे. दहावीची पुस्तके तिने आणून ठेवली आहेत, पण आमचा हात अजून सातवीवरून पुढे सरकलेला नाही, आणि परीक्षा मार्चमध्ये आहे. ती पास होईल की नाही, हे मला सांगता येत नाही. शिक्षकाला ते सांगता यायला हवे. ते न येणे मला रोज टोचते.

सवयीने मी एक वही केली आहे. तारखा आणि चौकटी. पावसाळ्यात एकदा तिला यायला अर्धा तास उशीर झाला, आणि ती आत आली तेव्हा माझ्या हातात पेन्सिल होती. तिने वाकून वही पाहिली.

"टिंब नको, बाई," ती म्हणाली. "आले तर आले लिहा. नाही आले तर नाही लिहा."

मी टिंब खोडले. कागदावर त्याचा खळगा राहिला.

परवाच्या गुरुवारी ती आली नाही. अर्धा तास झाला, तास झाला. फोन लागत नव्हता. नात झोपली होती, सून घरात होती. मी वही उघडली, तांबडे पेन घेतले आणि त्या दिवसाच्या चौकटीत "गै" लिहिले. तिच्या नावापुढे हे अक्षर मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होते. शाई वाळेपर्यंत थांबले. मग वही मिटली, सुनेला सांगितले आणि चप्पल घातली.

तिची खोली माझ्या घरापासून बारा मिनिटांवर आहे. हेही मी त्या दिवशी चालताना पहिल्यांदाच मोजले. जिना अरुंद होता. पायऱ्या मनात मोजत गेले, पण छत्तिसाच्या पुढे जाण्याइतक्या पायऱ्या तिथे नव्हत्या. दार तिनेच उघडले. कडेवर तिची मुलगी होती, तापाने डोळे जड झालेली, आणि एका हातात ओल्या कापडाची घडी होती. मला दारात पाहून तिने मुलीला कडेवर वर सरकवले.

"तुम्ही आलात," ती म्हणाली. मग तिने विचारले, "काय मांडलंत?"

"गैरहजर."

"बरं केलंत," असे म्हणून ती मला आत घ्यायला दारातून बाजूला झाली.